शब्द टाकण्यापूर्वी



रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चच्या आवारात बोलत उभे असतो. एखादा तरुण दबकत जवळ येतो. "अंकल, तुमच्या कंपनीत एखादी जागा आहे का?" "बघू, बायोडाटा देऊन ठेव," असे म्हणून आपण कागद खिशात घालतो आणि विसरून जातो. मात्र स्वतःच्या भाच्या-पुतण्याचा प्रश्न आला, की त्याच दिवशी साहेबांना फोन लावतो.

जब्दीच्या मुलांच्या आईनेही प्रभूजवळ असाच शब्द टाकला होता. तुझ्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे व दुसऱ्याला डावीकडे बसव, अशी तिची मागणी होती (मत्तय २०:२०-२८). येशूने त्या माउलीला झिडकारले नाही. पण मागितलेल्या जागाही दिल्या नाहीत. हे ऐकून बाकीचे दहा शिष्य संतापले. वशिल्याने माणसामाणसांत कटुता येते, ती अशी.

मग ओळखीचा उपयोग करूच नये का? संत बर्णबाकडे पाहू या. परिवर्तनानंतर शौल यरुशलेमला आला, तेव्हा शिष्य त्याला घाबरत होते. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले आणि त्याला प्रभूचे दर्शन कसे झाले, दमास्कसमध्ये त्याने किती धैर्याने प्रवचन केले, हे सांगितले (प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७). पुढे तो स्वतः तार्ससला गेला, शौलाला शोधून अंत्युखियास घेऊन आला आणि वर्षभर त्याच्याबरोबर राबला. त्याच शौलाला आपण संत पौल म्हणून ओळखतो.

बर्णबाने खोटी स्तुती केली नाही की कोणाची जागा हिरावली नाही. दार बंद होते, तिथे त्याने खरी साक्ष दिली. वशिला आणि शिफारस यांत हाच फरक आहे. अपात्र नातलगाला पुढे ढकलतो, तेव्हा कोणा गरिबाच्या पात्र मुलाला आपण मागे लोटत असतो. पण एखाद्याचे गुण ठाऊक असूनही आपण गप्प बसतो, तेव्हाही आपण प्रेमात उणे पडतो.

म्हणून कामाच्या ठिकाणी जागा निघाली, तर ती आपल्या घरापुरती न ठेवता शेजारच्या आळीतही सांगू या. जेवढे ठाऊक आहे, तेवढेच खरे सांगू या. आणि आपल्यासाठी कोणी शब्द टाकला असेल, तर प्रामाणिक कामाने त्याचा मान राखू या.

खिशातला तो कागद आज बाहेर काढू या. ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही, त्याच्यासाठी बोलण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.