पाडून मागणं

पाच हजारांच्या वस्तूला कुणी पाचशे म्हटलं की इंग्रजीत त्याला लोबॉल म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी साधा शब्द आहे, पाडून मागणं. नांदेड-लातूरकडे बैल असो, प्लॉट असो की जुनी मोटारसायकल, कुणी ना कुणी पाडून मागतंच, आणि त्याचं फार कुणी मनाला लावून घेत नाही. तेच फोनवर घडलं की मात्र डोकं फिरतं. निदान माझं तरी फिरतं. ते का, आणि फिरावं का, हा प्रश्न काही महिने माझ्या मागे लागलाय.

मी माझी पोकेमॉनची कार्डं विकतोय. आमच्या लहानपणी नांदेडात मिळायची ती बहुतेक डुप्लिकेट, शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातली. माझ्याकडची वीसेक मात्र ओरिजिनल आहेत, मामानं दुबईहून आणलेली, 1999 च्या पहिल्या इंग्रजी संचातली. कोपरे झिजलेत. तशीच कार्डं कितीला गेली ते बघून मी सगळ्यांचे मिळून 5,000 लावले. पहिला मेसेज आला, ‘लास्ट?’ दुसरा, ‘500 मध्ये दे, आत्ता पाठवतो.’ तिसऱ्यानं भाव केलाच नाही. नुसतं लिहिलं, ‘पोरांचे पत्ते आहेत रे भाऊ.’

सगळ्यात जास्त झोंबलं ते हे तिसरं. यावरून एक गोष्ट कळते. राग आकड्याचा नव्हता. त्या 5,000 मध्ये मी मामाची बॅग उघडली ती संध्याकाळही नकळत मोजली होती, आणि समोरच्यानं ती शून्यात काढली. पण त्यानं तिचे पैसे का द्यावेत? काहनेमन, नेट्श आणि थेलर यांनी 1990 साली एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि कितीला विकाल विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना कितीला घ्याल विचारलं. विकणारे साधारण 7 डॉलर म्हणत होते, घेणारे 3 च्या आसपास. मग तोच. हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. माझ्याकडे ही कार्डं वीस वर्षं आहेत. म्हणजे कुणी निम्मी किंमत सांगितली तर तो मला लुटतोय असं नाही. तो कदाचित प्रामाणिकपणे त्याला दिसतं तेच सांगतोय. (2021 साली लोगन पॉलनं एका पिकाचू कार्डासाठी 52 लाख 75 हजार डॉलर मोजले, तेव्हापासून आपल्या कपाटातही खजिना आहे असं प्रत्येकाला वाटतं, हेही आहेच.)

निम्म्यापर्यंत ठीक. दहावा हिस्सा मागणाऱ्याचं काय?

इथं मला आपला जनावरांचा बाजार आठवतो. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा बाजार. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घेऊन, बोटं दाबून भाव करायची जुनी रीत आहे. कुणी कितीही पाडून मागितलं तरी ते दोघांतच राहतं. चारचौघांत ना मालाची किंमत उतरते, ना माणसाची. शिवाय मागणारा तिथवर चालत आलेला असतो. त्यानं दात बघितलेले असतात, बैल चालवून बघितलेला असतो, आणि जमलं तर खिशातून इसार काढायची तयारी असते. त्याच्या कमी आकड्यामागेही काहीतरी खर्च झालेलं असतं. फोनवर काहीच खर्च होत नाही. कोड लिहिणाऱ्याला हे नवीन नाही. जी रिक्वेस्ट पाठवायला फुकट असते, ती लोक हजार ठिकाणी पाठवतात. ‘500 मध्ये दे’ हा माझ्या कार्डांवरचा अभिप्रायच नाही. त्यानं फोटोही उघडले नसतील. त्यात अपमान शोधणं म्हणजे पावसानं मुद्दाम भिजवलं म्हणण्यासारखं आहे.

इथवर मी स्वतःची समजूत काढली होती. पण लातूरला माझा एक मित्र आहे, तो जुन्या कार्डांचे अल्बम घेऊन विकतो. नीटच्या क्लासला आलेल्या एका पोराकडून त्यानं एक अल्बम 800 ला घेतला. महिन्याअखेर होती, पोराला मेसचे पैसे भरायचे होते. त्यातलं एकच कार्ड पुढे 6,000 ला गेलं. मी म्हणालो, त्याला खरा भाव सांगायचास. तो म्हणाला, ‘मी पाच वर्षं रात्र रात्र जागून भाव शिकलोय. ते फुकट कशाला सांगू?’

हा वाद फार जुना आहे. सिसेरोनं तो लिहून ठेवलाय. ऱ्होड्समध्ये दुष्काळ पडलाय. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे त्याला ठाऊक आहे. त्यानं ते गिऱ्हाइकाला सांगावं का? अँटिपेटर म्हणतो, सांगावं. डायोजेनिस म्हणतो, खोटं बोलू नये म्हणजे झालं. माझा मित्र डायोजेनिसचा माणूस, आणि अर्ध्यावर मला तो पटतोही. शिकण्याला मोल असतं. पण त्यानं त्या पोराला ‘ह्याला आता कोण विचारतं’ असंही म्हटलं होतं. म्हणजे तो डायोजेनिसच्याही परीक्षेत नापास.

कायदा अशा ठिकाणी फारसा मदतीला येत नाही. तिसऱ्या शतकातल्या सम्राट डायोक्लेशियनच्या नावावर असलेल्या रोमन नियमात, जमीन निम्म्याहून कमी किमतीला गेली तर विकणाऱ्याला सौदा मोडता येई. आपला 1872 चा करार कायदा तसं म्हणत नाही. त्याच्या 25 व्या कलमाखाली उदाहरणच दिलंय, की हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकला तरी संमती मोकळेपणानं दिली असेल तर करार पक्का. सगळं ओझं त्या ‘मोकळेपणानं’ या एका शब्दावर. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत चारा-पाण्याअभावी शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाला जनावरं विकली. हो म्हणणारे सगळे आपल्या तोंडानंच हो म्हणाले. बाजारातून बैल परत नेणं त्यांना परवडणार नव्हतं, एवढंच.

मला 5,000 च्या जागी 500 म्हणणारा माझं काहीच बिघडवत नाही, कारण मी नाही म्हणू शकतो. कार्डं कपाटात राहतील. पगार वेळेवर होतो. त्या पोराला 800 म्हणणं मात्र वेगळं आहे, आणि ते आकड्यामुळे वेगळं नाही. दुसऱ्या दिवशी मेस बंद होणार हे मित्राला ठाऊक होतं. त्याच माहितीवर त्यानं भाव केला. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मी घेतलं नसतं तर त्याला 800 पण मिळाले नसते.’ हे खरंही आहे, म्हणून मला त्याचा जास्त त्रास होतो. त्या रात्री मेस चालू राहिली ती त्याच 800 वर. पण 6,000 हातात आले तेव्हा पोराचा नंबर मित्राच्या फोनमध्ये होताच की.

आता पाडून मागणाऱ्याला मी एका ओळीत लिहितो, ‘नाही जमणार दादा, 4,000 च्या खाली नाही.’ बहुतेक वेळा उत्तर येत नाही. गेल्या आठवड्यात एकाचं आलं. ‘3,500 ला देता का? रविवारी नांदेडला येतोय, बघून घेतो.’ मी म्हटलं, या.