ठाऊक असणें आणि विश्वास ठेवणें

खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. शहरांत शिकून आलेला मुलगा तो आपल्या बापास विचारतो, आणि बाप तो पाळकाकडे आणतो. ईश्वर आहे हें तुम्हांला ठाऊक आहे, कीं तुम्ही तसें नुसतें मानतां? ह्यावर बहुधा रागाचें उत्तर मिळतें. "ठाऊक आहे म्हणजे काय? आहेच!" असें म्हणून विषय मिटविला जातो. आमच्या मतें प्रश्न चांगला आहे, आणि त्याला ह्याहून बरें उत्तर देणें आपलें कर्तव्य आहे.

व्यवहारांत हा भेद आपण रोज पाळतों. पाणाड्या शेतांत हिंडून एका जागीं उभा राहतो व येथें तीस हातांवर पाणी आहे असें सांगतो. शेतकरी त्याच्या शब्दावर कर्ज काढून खणूं लागतो. शेजारी हसले तरी त्याची कुदळ थांबत नाहीं. पाणी लागलें म्हणजे तो म्हणतो, मला ठाऊकच होतें. खडक लागला म्हणजे तोच मनुष्य म्हणतो, मला तसें वाटलें होतें. खणतांना त्याच्या मनाची स्थिति दोन्ही प्रसंगीं एकच होती. तेव्हां खात्री कितीही पक्की असली तरी तेवढ्यावरून तिला ज्ञान म्हणतां येत नाहीं. ज्ञान म्हणावयाचें तर गोष्ट खरी असली पाहिजे, आणि तिचा आधार दुसऱ्यास तपासून पाहतां आला पाहिजे. पाणाड्याजवळ तसा आधार नव्हता; पाणी लागलें तरी नव्हता.

ईश्वराविषयीं असा आधार आहे काय? आपल्या देशांत ह्याचा विचार फार पूर्वींपासून झाला आहे. नैयायिक ज्ञानाचीं चार साधनें मानितात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ईश्वर डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून त्यांनीं अनुमानावर भर दिला. सुमारें हजार वर्षांपूर्वीं उदयनाचार्यांनीं न्यायकुसुमांजलि ह्या ग्रंथांत ईश्वराच्या अस्तित्वाचीं प्रमाणें मांडलीं. त्यांतील एक कोणाही खेडुतास समजेल असें आहे. घडा आहे त्या अर्थीं कुंभार आहे. तसें जग हें कार्य आहे त्या अर्थीं त्याचा कोणी कर्ता आहे. आमच्या उपदेशकांनीं बाजाराच्या दिवशीं हेंच प्रमाण किती वेळां तरी वापरलें आहे, बहुधा उदयनाचार्यांचें नांवही न ऐकतां! परंतु ह्या प्रमाणाचें खंडन करणारांत एक परम ईश्वरभक्त होते. रामानुजाचार्यांनीं श्रीभाष्यांत विचारलें कीं, सगळें जग एकाच वेळीं झालें व एकाच कर्त्यानें केलें हें घड्याच्या दृष्टांतावरून कसें ठरतें? शिवाय आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्यास शरीर असतें. म्हणून ईश्वर अनुमानानें सिद्ध होत नाहीं, तो शास्त्रावरूनच कळतो, असा त्यांनीं निर्णय दिला. पुढें कित्येक शतकांनंतर प्रशिया देशांत इमानुएल कांट ह्या तत्त्ववेत्त्यानें १७८१ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व ईश्वराच्या अस्तित्वाचीं प्रचलित प्रमाणें एकामागून एक तपासून अपुरीं ठरविलीं. १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत त्यानें स्पष्ट केलें कीं, ज्ञानाचा हक्क आपण मागें सारला तो विश्वासास जागा मिळावी म्हणून. ह्या दोघांची भेट होणें शक्य नव्हतें. त्यांचे मार्गही अगदीं निराळे. तरी अनुमानाची मर्यादा दोघांसही दिसली.

राहिलें शब्द हें साधन. विश्वसनीय मनुष्याच्या वचनावरूनही ज्ञान होतें, आणि आपल्या ज्ञानाचा फार मोठा भाग तसाच आलेला आहे. पृथ्वी सूर्याभोवतीं फिरते हें आपल्यांपैकीं कितीकांनीं स्वतः पडताळून पाहिलें आहे? आपला जन्म कोणत्या दिवशीं झाला हेंही आपण आईच्या शब्दावरून सांगतों. तर मग शास्त्राच्या शब्दावरून ईश्वर आहे हें कळलें, असें कां म्हणूं नये? येथें थोडें थांबावें लागतें. आईचा शब्द आपण घेतों, कारण आई आहे हें आधीं ठाऊक असतें. ईश्वराचें वचन म्हणून शास्त्र विश्वसनीय, आणि शास्त्र सांगतें म्हणून ईश्वर आहे, असें म्हटलें तर विचार घाण्याच्या बैलाप्रमाणें तेथल्या तेथें फिरतो. मुलानें ही अडचण दाखविली तर त्याला उद्धट म्हणूं नये.

इंग्लंडांत हक्स्ली ह्या शास्त्रज्ञानें १८६९ सालीं स्वतःच्या भूमिकेसाठीं एक नवा शब्द काढला. आपण तिला अज्ञेयवाद म्हणतों. पुष्कळांस वाटतें कीं अज्ञेयवादी म्हणजे आस्तिक व नास्तिक अशा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. परंतु ठाऊक आहे काय हा एक प्रश्न, आणि मानतां काय हा दुसरा. एक मनुष्य ठाऊक नाहीं म्हणून मानीत नाहीं. दुसरा ठाऊक नसतांही मानतो. पहिल्या प्रश्नास दोघांचें उत्तर एकच आहे. (आस्तिक हा शब्द आपल्या दर्शनांत वेद मानणारा ह्या अर्थीं योजिला जातो, व ईश्वराची गरज न मानणारे मीमांसक त्या हिशेबानें आस्तिकच ठरतात. आम्ही येथें रूढ अर्थ घेतला आहे.) आम्ही स्वतः त्या दुसऱ्या मनुष्याच्या पंक्तीस बसतों, आणि ह्यांत कमीपणा मानीत नाहीं.

कारण आपल्या भाषेंतच पाहा. ज्ञान होतें; विश्वास ठेवावा लागतो. तो कोणावर तरी ठेवावयाचा असतो, आणि ठेवल्यावर त्याप्रमाणें वागावें लागतें. ईश्वर आहे एवढी समजूत भुतांनाही असते व तीं थरथर कांपतात, असें याकोबानें आपल्या पत्रांत दाखविलें आहे. त्या समजुतीचा त्यांना उपयोग काय? उलट मार्काच्या शुभवर्तमानांतील तो बाप घ्या, ज्याच्या मुलाला झटके येत. त्यानें एकाच श्वासांत आपला विश्वास सांगितला आणि आपल्या अविश्वासासाठीं मदत मागितली. प्रभूनें त्याची अधिक परीक्षा न घेतां मुलाला बरें केलें.

मात्र विश्वासाच्या नांवाखालीं आळस व हट्ट लपवितां येतात, हेंही सांगितलें पाहिजे. क्लिफर्ड ह्या इंग्रज गणित्यानें १८७७ सालीं एका निबंधांत जहाजाच्या मालकाची कल्पित गोष्ट सांगितली. जहाज जुनें झालें आहे अशी शंका त्याला येते. पण तपासणीचा खर्च नको म्हणून ईश्वर राखील असें तो मनाला पटवितो व उतारूंसह जहाज हाकारतो. क्लिफर्ड म्हणतो कीं जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी मालक दोषीच. विश्वासाविषयींचीं त्याचीं सर्व मतें आम्हांस मान्य नाहींत. हें मान्य आहे. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसून देव ह्याला बरें करील हें मला ठाऊक आहे असें म्हणणारा, आणि रक्त तपासण्यास दवाखान्यांत न नेणारा, त्या मालकाचाच भाऊ होय. हिंवताप आहे कीं नाहीं हें कळण्याजोगें आहे. जें कळण्याजोगें आहे तेथें विश्वास पुढें करणें हा ईश्वराचा सन्मान नव्हे. मूल दगावलें म्हणजे असा मनुष्य ईश्वराला दोष देतो किंवा मुलाच्या आईच्या अल्पविश्वासाला, आणि ही दुसरी गोष्ट आम्हांस अधिक क्रूर वाटते.

आतां त्या तरुणाविषयीं. कोठें कोठें असें होतें कीं, मला ठाऊक नाहीं असें म्हणतांच त्याला धर्मत्यागी समजतात व त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची भाषा सुरू होते. अशा वेळीं नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांची आठवण करावी. काशींत वाढलेले हे कोंकणस्थ ब्राह्मण पंडित. १८४८ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८६० सालीं त्यांचा षड्दर्शनदर्पण हा ग्रंथ निघाला, आणि १८९५ सालीं ते वारले. इतक्या विद्वान व देवभीरु मनुष्यासही शंकांनीं पुन्हां पुन्हां गांठलें, व त्या असतांच त्यांनीं सेवा केली. त्यांना जी मोकळीक मिळाली ती आपल्या गांवच्या मुलाला कां नसावी? प्रभुभोजनापूर्वीं त्याला विचारावयाचें तें हें कीं, बाबा, तूं विश्वास ठेवण्यास तयार आहेस काय, आणि त्याप्रमाणें चालण्याचा यत्न करितोस काय? त्याचें उत्तर होय असेल, आणि तरीही पंचांपुढें त्याचें नांव कमी करण्याचा ठराव आला, तर आम्ही त्या ठरावाविरुद्ध मत देऊं.