रस्त्यावरचा शेजारी



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो. याच महिन्याचा तिसरा रविवार रस्त्यावरील अपघातांत बळी पडलेल्यांचा स्मरणदिन म्हणून जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली त्याला मान्यता दिली. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर तासाला सरासरी एकोणीस! आपली रविवारची मिस्सा सुरू होऊन संपेपर्यंत एकोणीस माणसे घरी परतायची राहतात.

नशिराबादकरांना हे आकडे सांगण्याची गरज नाही. जळगाव-भुसावळ महामार्ग आपल्या दारातून जातो. पूर्वी त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता तो ५३ नंबरचा झाला आहे. केळीचे ट्रक, सिमेंटचे बल्कर, एस.टी., लक्झरी बसगाड्या यांची रात्रंदिवस रीघ असते. त्याच रस्त्याच्या कडेने आपले कोणीतरी डबा हँडलला अडकवून सायकलवर जळगावच्या एम.आय.डी.सी.कडे पहिल्या पाळीला निघालेले असते. कोणी चाऱ्याचा भारा कॅरिअरवर बांधून शेतातून परतत असतो. शाळेची मुले असतात. रस्ता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण सायकलवाल्याला वाट मिळाली ती धुळीने आणि खडीने भरलेल्या साइडपट्टीची.

आज आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. गेल्या हिवाळ्यात प्रार्थनासभा आटोपून आम्ही पाच जण जीपने परत येत होतो. अंधार पडला होता. रस्त्याच्या कडेला एक सायकल आडवी पडलेली दिसली आणि शेजारी एक माणूस बसलेला दिसला. आमची जीप हळू झाली. कोणीतरी म्हणाले, "पोलिसांचे लफडे मागे लागेल." दुसरे म्हणाले, "मागून कोणीतरी येईलच." आणि जीप पुढे निघाली. तो कोण होता, त्याचे पुढे काय झाले, आम्हाला कळले नाही. घरी जाऊन आम्ही जेवलो, पण त्या रात्री कोणालाच नीट झोप लागली नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती गोष्ट रस्त्यावरच घडते, हे मात्र आपण विसरतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस जखमी होऊन पडला होता. याजक आला, लेवी आला. दोघांनी त्याला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांनाही काही अडचण असेल, भीती असेल. आमच्या जीपमध्ये त्या संध्याकाळी तेच दोघे बसले होते. शोमरोनी मात्र थांबला, जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेचा खर्चही स्वतः दिला. प्रभू येशूने आपल्याला त्याच्यासारखे वागायला सांगितले आहे.

पोलिसांची भीती आता तरी मनातून काढली पाहिजे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर खटला होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. १०८ नंबर फिरवला तर रुग्णवाहिका येते. अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो.

पण अपघात झाल्यावर थांबणे ही नंतरची गोष्ट, तो होऊच नये हे पहिले कर्तव्य. दुसऱ्याचा जीव घेऊ नये, ही पाचवी आज्ञा आपल्याला पाठ आहे. दारू पिऊन किंवा वेगाच्या हौसेने स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणारा गंभीर दोषी ठरतो, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण (परिच्छेद २२९०) स्पष्ट सांगते. २००७ साली तर व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी खास दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. पापनिवेदनाला जाताना आपल्यापैकी किती जण आपल्या गाडी चालवण्याचा विचार करतात?

गाडी चालवणाऱ्यांनो, ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर जागा सोडा. जागा नसेल तर क्षणभर मागे राहा. मोठी गाडी अगदी जवळून गेली की तिच्या वाऱ्यानेही सायकल हेलकावते. समोरून सायकल येत असेल तर डिपर द्या. थांबल्यावर आधी मागे पाहा, मग दार उघडा. आणि कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती मोटारसायकल देऊ नका. मुलाच्या गुन्ह्यासाठी आता पालकालाही शिक्षा होते.

सायकलवाल्यांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. दुभाजकामुळे वळसा पडतो म्हणून पुष्कळ जण राँग साइडने येतात. दिवसभर राबलेल्या माणसाला तो एक किलोमीटर किती जड जातो, हे आम्ही जाणतो. पण समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची अपेक्षाच नसते. डाव्या बाजूनेच चला. मडगार्डला आणि पॅडलना रेडियमची पट्टी लावा, पुढे बॅटरी बांधा, अंधारात फिकट रंगाचा सदरा घाला. ब्रेकचे रबर वेळेवर बदला. ट्रकच्या डाव्या अंगाला घुसू नका, कारण तिथे ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. कानात इअरफोन नको आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून जाणे तर मुळीच नको.

इटलीत घिसालो येथे पवित्र मरियेचे एक छोटे देऊळ आहे. पोप पायस बारावे यांनी १९४९ साली तेथील मरियामातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. साध्या सायकलवाल्याचाही ख्रिस्तसभेने असा विचार केला. आपणही करू या. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एका सायकलला रेडियम लावावे, स्वतःच्या नाही तर शेजाऱ्याच्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि रस्त्यावर दिवे व सायकलींसाठी सुरक्षित वाट मिळावी म्हणून गावकऱ्यांसोबत अर्जावर सह्या करू या.

हे प्रभू, रस्त्यावर मरण पावलेल्या सर्वांना तुझी शांती दे. चालकांना धीर दे, सायकलवरून निघालेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आण. आणि पुन्हा कोणी वाटेत पडलेला दिसला, तर आम्हाला थांबण्याचे बळ दे. आमेन.