पांग कुणाचे फेडायचे?

बुखारेस्टच्या अनाथालयांत गेलेल्या बाहेरच्या माणसांना आधी खटकायची ती तिथली शांतता. खोलीभर पाळणे, पाळण्यांत तान्ही मुलं, आणि रडण्याचा आवाज नाही. रडलं की कुणीतरी धावत येतं, हे मूल अनुभवातून शिकतं. तिथे कुणी येतच नव्हतं, म्हणून मुलांनी रडणंही सोडून दिलं होतं.

खरं तर त्यांना अनाथ म्हणणंही चूक, कारण बहुतेकांचे आईवडील हयात होते. लोकसंख्या वाढवायची म्हणून रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी घातली. गरिबांच्या घरात न पोसवणारी मुलं सरकारी संस्थांत जाऊ लागली. 1989 च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा अशा मुलांचा आकडा लाखाच्या वर गेला होता.

मराठीत याला नेमका शब्द आहे : आबाळ. मात्र तो आपण बहुधा खाण्यापिण्याशीच जोडतो. या मुलांना दूध मिळत होतं, अंघोळही होत होती, अगदी घड्याळाच्या काट्यावर. मिळत नव्हतं ते आपल्याकडेच बघून हसणारं, रोजचं, ओळखीचं माणूस. एवढ्या एका उणिवेने किती बिघडतं, हे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी पुढे तिथे मोजलं. संस्थांमधल्या 136 मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्मी मुलं पालक कुटुंबांत गेली, निम्मी होती तिथेच राहिली. साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक 77 भरला, पालक कुटुंबांतल्यांचा 86, आणि जन्मापासून घरीच वाढलेल्यांचा 103. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, ती अधिक सावरली. शहरात त्या वेळी पालक कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच, ती संशोधकांनीच उभी केली. तरीही चिठ्ठ्यांची गोष्ट वाचताना मनाला टोचतेच.

‘मोठा झाला की विसरेल’ हा आपला लाडका दिलासा. तो टिकत नाही. मायकेल रटर यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात रोमानियातून दत्तक आलेली 165 मुलं पंचविशीच्या आसपासपर्यंत पाहिली गेली. सहा महिन्यांच्या आत तिथून सुटलेली मुलं पुढे इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्या अनेकांचं लक्ष पौगंडावस्थेतही कशावर ठरेना, परक्या माणसाशीही ती पहिल्याच भेटीत घरच्यासारखी वागत. जिव्हाळा कुणाशी आणि अंतर कुणाशी, याची ओळखच पटलेली नव्हती. चिंता आणि नैराश्याचा प्रकार वेगळा. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांचं प्रमाण फारसं जाणवलं नाही; विशीत ते उफाळून आलं. आणि प्रेमळ, सुस्थितीतल्या घरांत वाढूनही हे झालं! बुखारेस्टमध्ये मात्र पालक कुटुंबांत गेलेल्यांचं मन सोळाव्या वर्षी, संस्थांच्या वाट्याला आलेल्यांपेक्षा कमी पोळलेलं दिसलं.

यावर ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ असं म्हणणारे भेटतातच. पण सहा महिन्यांचं मूल गेल्या जन्मीचं काय फेडत होतं, हे ठरवणारे आपण कोण? या उत्तराने मुलाला काही मिळत नाही, जबाबदार मोठ्यांची मात्र सुटका होते.

त्याहून अवघड प्रश्न ऋणाचा आहे. आईवडिलांचे पांग फेडावेत, हे घराघरांत ऐकवलं जातं. आबाळ झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने कसले पांग फेडायचे? नुसत्या जन्माचे? तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो अशी कल्पना आहे, आणि त्यातलं पितरांचं ऋण फिटतं ते प्रजेने, म्हणजे संततीने. म्हणजे हे देणं मागे नाही, पुढे द्यायचं असतं. प्रजा म्हणजे नुसतं जन्माला घालणं नव्हे, सांभाळणंही, असं मानलं तर मुलाची आबाळ करणारा बापच थकबाकीदार ठरतो. संहितेचा हा अर्थ कर्मठांना पटेल असं नाही.

कायद्यालाही हा पेच चुकलेला नाही. भारतात 2007 च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. सिंगापूरने तसाच कायदा 1995 मध्ये केला, पण एक वाट ठेवून : पालकांनी आपल्याला टाकलं किंवा आपली हेळसांड केली, असं मुलाने दाखवून दिलं तर न्यायाधिकरण पोटगी कमी करू शकतं, नाकारूही शकतं.

महाभारतातल्या कर्णाने हा हिशेब फार स्वच्छ मांडला आहे. कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्णाला आठवते त्याला वाढवणारी राधा. मायेने तिला पान्हा फुटला, आपलं मलमूत्र तिने काढलं. तिला पिंडाला आपण कसं मुकवायचं, असं तो विचारतो. जन्मताच त्याला सोडून देणारी कुंती येते तेव्हा तिलाही तो ऐकवतो, की शत्रूनेही केलं नसतं एवढं वाईट तू केलंस. तरी तो तिला रिकाम्या हाताने पाठवत नाही. तुझे पाच मुलगे राहतील, असा शब्द देतो.

युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ येते. तेव्हा कुंती सगळ्यांसमोर सांगते, की कर्ण माझा मुलगा होता, त्यालाही पाणी द्या.