सोडलेला मासा

सिंगापूरला बुओना व्हिस्टा येथे मुलीकडे राहावयास आल्यापासून नातवाचा हात धरून फिरणे हाच आमचा उद्योग आहे. एका रविवारी आम्ही दोघे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो. हा किनारा मूळचा नव्हे; १९६६ पासून समुद्रात भर घालून केलेला. रेवदंड्याची लाट येथे नाही, तरी वाळूत लांब काठ्या रोवून लोक तासन् तास बसतात.

एका गृहस्थाच्या गळाला पोम्पानो लागला. दिसण्यात पापलेटाचा भाऊच. येथील बाजारात तो ‘गोल्डन पॉम्फ्रेट’ म्हणूनच विकतात, पण कूळ निराळे. पर आहेत, बारीक का होईना खवले आहेत, तेव्हा आपल्या ताटात यावयास त्याची हरकत नाही! गृहस्थाने गळ सोडविला, फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. आम्ही मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, “पाहिलंस, किती दयाळू माणूस!”

“सोडायचाच होता तर पकडला कशाला, आजोबा?”

आम्ही आइस्क्रीमवर वेळ मारून नेली. प्रश्न मात्र गेला नाही.

फ्लोरिडात याच माशाचा जातभाई फुटणाऱ्या लाटांतून गरवतात. दहाबारा फुटी काठी, वाळूत रुतून बसणारे टोकदार शिसे, आमिषाला वाळूतलाच बारका खेकडा. तेथे अकरा इंचांहून लहान मासा सोडावाच लागतो व माणशी दिवसाला सहाच ठेवता येतात. ती दया नव्हे, पुढची बेगमी आहे, आणि तसे म्हणण्यास कोणी लाजत नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमांत सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकण्यास मनाई केली. म्हणजे आमच्या नातवाचाच प्रश्न! अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना शिकारीविषयी विचारले असता, पोटासाठी करणाऱ्याची गोष्ट वेगळी, मौजेखातर करणे हा निर्दयपणा, असाच त्यांचा कौल पडला.

दावीद रहाबींनी पुढे ठेवलेल्या माशांतून पर आणि खवले असलेलेच आपल्या बायकांनी निवडले, ही कथा आपणां सर्वांस पाठ आहे. कोणता मासा खावा हे त्यांना ठाऊक होते. कशासाठी पकडावा, हे कोकणात कोणी विचारीत नसे. गळ टाकला तो कालवणासाठीच.

पण त्या गृहस्थास नावे ठेवण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. आदल्याच शुक्रवारी आमच्या घरी हाच मासा शिजला होता. समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढविलेला, दुकानातून साफ करून आणलेला. त्याची तडफड दुसऱ्या कोणी पाहिली. आम्ही फक्त काटे काढले, आणि वर नातवाला दयेचा पाठ द्यावयास निघालो.

आता नातवास काठी हवी आहे. आम्ही म्हटले, घेऊ. मात्र ताटापुरता मासा मिळाला की काठी गुंडाळायची, मासा घरी आणायचा आणि साफ तू करायचा.

तो अजून विचार करीत आहे.