परदेशी गेलेल्याचा पहिला पैसा कोणाचा?

समुद्र ओलांडावा की ओलांडू नये, हा वाद आता कोणी घालीत नाही. बौधायनांच्या धर्मसूत्रात मनुष्यास पतित करणाऱ्या कर्मांची एक यादी आहे आणि तिच्या अगदी आरंभी समुद्रयान आहे. या एका शब्दापायी एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हाही तो झालाच. पण वाचकहो, त्याच यादीत लगेच पुढे काय आहे? ब्राह्मणाचे धन किंवा कोणाची ठेव बुडविणे, आणि त्यापुढे जमिनीविषयी खोटे बोलणे. पहिल्या शब्दावर शास्त्रार्थ झाले, प्रायश्चित्ते झाली. पुढच्या दोहोंकडे मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही. आम्हांस वाटते की आज दारोदारी प्रश्न उभा आहे तो या दुसऱ्या शब्दाचा, ठेवीचा.

आमचा मुलूख समुद्राला बिचकणारा कधीच नव्हता. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तेथून गलबते दूरदेशी जात, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली तेथेच मिळाला. याज्ञवल्क्य स्मृतीने तर समुद्रावर जाणाऱ्यांच्या कर्जाचा दरही सांगून ठेवला आहे. तारण असेल तर दरमहा शंभरास सव्वा, पण समुद्रावर जाणाऱ्यास दरमहा शंभरास वीस! कारण उघड आहे. गलबत बुडाले की मुद्दलही बुडाले. परदेशी जाणाऱ्यास पैसा देणे हे जोखमीचे काम, हे त्या ऋषींस ठाऊक होते. आम्हीच ते विसरून पेढे वाटतो.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आपले ख्रिस्ती शेजारी आखातात आणि बोटीवर आपल्या कितीतरी आधी गेले. आता विरार-नालासोपाऱ्यातील वारकरी घरांतली मुलेही निघाली. या घरांचे आजे कोकणातून गिरणीत आले. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळ सोडून कितीकजण इकडे राहावयास आले. म्हणजे परमुलुखी जाऊन गावी मनिऑर्डर करणे हे या घरांना काही नवे नाही. नवी आहे ती रक्कम. पूर्वी एक वळकटी घेतली की चाकरमानी निघे. आज कॅनडात शिकावयास जाणाऱ्या मुलासाठी बापाने जन्मभर हप्ते फेडलेली सदनिका बँकेत गहाण पडते, आईच्या पाटल्या जातात, बापाचा फंड जातो. आखातात जाणारा असेल तर दलाल असतोच. तो १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला हवा आणि त्याने ३०,००० रुपये व वर कर एवढेच घ्यावे, असा नियम आहे. पण विचारतो कोण!

आता आमचा प्रश्न असा की आईबापांनी दिलेला हा पैसा काय समजावा? भेट, कर्ज की ठेव? अहो, हे विमानतळावर जाईपर्यंत कोणी बोलतच नाही. बाप म्हणतो, “तुझ्यासाठीच तर आहे सगळे.” मुलास वाटते, दिले ते दिले. बापाच्या मनात मात्र असते की हा म्हातारपणी परत येईल, व्याजासकट. दोघेही सज्जन, दोघांचेही प्रेम खरे, आणि दोन वर्षांत अबोला! आमचे स्पष्ट मत आहे की जी ठेव तोंडाने सांगितली नाही ती मागण्याचा बापास हक्क नाही, आणि जे घर गहाण पडलेले डोळ्यांनी पाहिले त्याला भेट म्हणण्याचा मुलास हक्क नाही.

तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने फार वाईट. घरभाडे आगाऊ, थंडीचे कपडे, आजारपणाचा विमा. कॅनडात नऊ आकडी क्रमांक मिळाल्यावाचून नोकरीचा पगार धड हाती पडत नाही. त्यातून नव्या माणसाची तेथे पतच नसते. येथे बापाचे नाव ऐकून वाणी उधार देईल, तेथे बापाला कोण ओळखतो? लहानसे कार्ड घेऊन दरमहा वेळेवर फेडीत राहावे, तेव्हा कुठे पत उभी राहते. मुले पाच-सहा मिळून एक खोली घेतात. लालबागेत गावकीच्या खोल्या असत, पाळीपाळीने निजत, जेवण खानावळीत, तसेच हे. यात कमीपणा नाही. पण घरी पैसे पाठवावयाचे म्हणून पोट मारणे यास आम्ही पुण्य म्हणणार नाही. नरदेह हीसुद्धा ठेवच आहे, बरे का. म्हणून पहिल्या पैशावर हक्क अन्नाचा व छपराचा, दुसरा कर्जाच्या हप्त्याचा, आणि मग घराचा.

आणि देवाचा? तो प्रसंग आमच्यावरच आला. विरारच्या एका घरी मुलगा परदेशी गेल्याला वर्ष झाले होते. माउलींनी सप्ताहात एका दिवसाचे अन्नदान मुलाच्या नावाने लावण्याचे योजिले. पंगत मोठी, खर्चही तसाच. बोलता बोलता कळले की बँकेचे तीन हप्ते थकले आहेत आणि मुलगा रात्री वखारीत खोकी उचलतो. त्याने हे आईस सांगितले नव्हते, धाकट्या बहिणीस सांगितले होते. आम्ही म्हणालो, “माउली, या पैशात अजून बँकेचा वाटा आहे. दुसऱ्याच्या वाट्याची पंगत विठोबाला कशी घालाल? तो अठ्ठावीस युगे उभा आहे, आणखी दोन वर्षे थांबेल.” मंडळातील काहींस हे रुचले नाही. सप्ताहाच्या पंगतीला कीर्तनकारच आड आला, असेही बोलले गेले. बोलोत. त्या दिवशी पिठले-भाकरी झाली आणि कोणी उपाशी उठले नाही.

यास आधार तुकोबांचाच आहे. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण रंगवून सांगतो. पण आधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले आणि कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला. बुडविली ती स्वतःची. एवढे वैराग्य, पण भावाच्या कागदाला हात लावला नाही! नाथांचे चरित्रही तेच सांगते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यास नाथ रात्रभर जागले आणि सापडताच टाळी वाजविली. परमार्थ आणि जमाखर्च यांचे वैर संतांनी मानलेले नाही.

तेव्हा मुलाने दरमहा मिळकत, खर्च, शिल्लक घरी लिहून कळवावे आणि घरच्यांनीही आलेल्या पैशाचे काय केले ते तितकेच उघड सांगावे. हिशेब दोन्ही बाजूंनी हवा. नोकरीस परदेशी गेलेल्याने येथील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, हा १९९९ च्या विदेशी चलन कायद्याचा दंडक आहे. तेथील मिळकत एन. आर. ई. खात्यात ठेवली तर ती पुन्हा बाहेर नेता येते आणि तिच्या व्याजावर येथे कर नाही. येथील भाडे, व्याज एन. आर. ओ. खात्यात जाते. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून हुंडीवाल्याकडून पैसा आणणे हा गुन्हा होय.

नित्यनेमाचे पुष्कळजण विचारतात. टोरोंटोत उन्हाळ्यात घड्याळ आपल्या मागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. विरारला सायंकाळी सहाला हरिपाठ सुरू होतो तेव्हा तेथे सकाळचे साडेआठ किंवा साडेसात. मुलाने कामावर जाताना कानाला फोन लावून तो ऐकावा. एकादशी तेथील सूर्योदयाने धरावी, इकडच्या पंचांगाने नव्हे, मग ती एखादे वेळी दिवसाने वेगळी आली तरी.

आणि जो परतत नाही त्याचे काय, हा प्रश्न आम्हांस फार आया विचारतात. नामदेवराय पंढरी सोडून पंजाबात घुमानला राहिले. तेथल्या लोकांत मिसळले, त्यांच्या भाषेत बोलले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांनी देह कोठे ठेवला याविषयी पंढरपूरचे लोक एक सांगतात, घुमानचे दुसरे. पंढरपुरी महाद्वाराची पायरी आहे, घुमानलाही त्यांचे स्थान आहे, आणि दोन्हीकडे माथा टेकणारे टेकतात.