शांति आणि सुरक्षितता

राजकीय उलथापालथीच्या काळीं मनुष्य मालमत्ता गमावण्याच्या कितीतरी आधीं झोंप गमावून बसतो. सीमेवर काय घडेल, सत्ता कोणाच्या हातीं जाईल, आपल्या मुलाबाळांस उद्यां कोठें थारा मिळेल, या विचारांनीं आज घरोघरचीं मनें व्यापलीं आहेत. पूर्वीं वर्तमानपत्र दिवसांतून एकदां येई. आतां हातांतल्या मोबाईलवर घटकेघटकेस नवी बातमी येऊन थडकते, आणि मध्यरात्रींही मनास विसांवा मिळत नाहीं. अशा वेळीं धर्मश्रद्धेनें शांति लाभते असें कोणी म्हटलें कीं, सुशिक्षित मनुष्य दोन शंका काढतो. ही शांति म्हणजे डोळे मिटून घेणें तर नव्हे? आणि शेजारचें घर जळत असतां ज्याला स्वस्थ झोंप लागते, त्याला साधु म्हणावें कीं निर्दय? या शंका आम्हांस रास्त वाटतात. ख्रिस्ती श्रद्धेपुरता त्यांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इसवी सन ४१० च्या ऑगस्ट महिन्यांत अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्यानें रोम शहर लुटलें. जें नगर सुमारें ८०० वर्षें परकी शत्रूच्या हातीं पडलें नव्हतें, त्याची तीन दिवस लूट झाली. निर्वासितांचे तांडे समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेंत आले. जुन्या देवांस सोडून ख्रिस्ताची कांस धरल्यामुळेंच हा प्रसंग ओढवला, असा आरोप होऊं लागला. हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन यानें त्यास उत्तर म्हणून ‘ईश्वराचें नगर’ हा ग्रंथ ४१३ च्या सुमारास हातीं घेतला. त्याचे २२ भाग पुरे होण्यास ४२६ साल उजाडलें. ऐहिक सुखदुःखें भल्याबुऱ्या दोघांच्याही वांट्यास येतात, राज्याची भरभराट हें भक्तीचें वेतन नव्हे, असें त्याचें प्रतिपादन आहे. तथापि ऐहिक शांति त्यानें तुच्छ लेखिली नाहीं. ती सर्वांच्याच उपयोगाची आहे, म्हणून ती राखण्यास श्रद्धावंतानेंही हातभार लावला पाहिजे, असें तो म्हणतो.

हा विचार कसोटीस लागण्याची वेळ ग्रंथकारावरच आली. ४२९ मध्यें व्हँडल लोक आफ्रिकेंत उतरले. शत्रु चालून येत असतां धर्मगुरूंनीं पळून जावें काय, असा प्रश्न होनोरातुस नांवाच्या बिशपानें त्यास विचारला. ऑगस्टिनच्या उत्तराचा आशय असा: एखाद्यावरच शत्रूचा रोख असेल, आणि त्याच्यामागें लोकांची सेवा करणारे दुसरे असतील, तर त्यानें खुशाल जावें; परंतु संकट सर्वांवर सारखेंच असेल, तर ज्यांस आपली गरज आहे त्यांस टाकून जातां कामा नये. पुढें हिप्पोसच वेढा पडला. ७५ वर्षांचा ऑगस्टिन गांवांतच राहिला, आणि २८ ऑगस्ट ४३० रोजीं, वेढा चालू असतांच, वारला. अखेरच्या दिवसांत त्यानें पश्चात्तापाचीं स्तोत्रें बिछान्याजवळच्या भिंतीवर लावून घेतलीं होतीं, व तीं वाचतांना तो रडत असे, असें त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो.

या रडण्यानें वाचक कदाचित् बुचकळ्यांत पडतील. गीतेंतील स्थितप्रज्ञ त्यांच्या परिचयाचा आहे. सुखदुःखाच्या लाटांनीं त्याचें आसन हालत नाहीं. युरोपांतील स्टोइक तत्त्वज्ञांचा आदर्शही बराचसा तसाच होता. ऑगस्टिनला तो पटला नाहीं. ख्रिस्तास स्वतःस शोक झाला, त्याच्या डोळ्यांस पाणी आलें. मग विकारशून्यता हीच मनुष्याची पूर्णता कशी म्हणावी, असें त्याचें म्हणणें. अटकेच्या रात्रीं गेथशेमाने बागेंत येशु व्याकुळ झाला होता, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. आणि शिष्यांस आपली शांति देऊं केली तीही, योहानाच्या सांगण्याप्रमाणें, त्याच रात्रीं. म्हणजे व्याकुळता आणि शांति एकाच मनांत नांदूं शकतात. मग ही शांति आहे तरी कशांत? आमच्या मतें ती विश्वासांत आहे. मात्र घटनांचा शेवट आपल्या मनासारखा होईल, असा हा विश्वास नव्हे. शेवट कसाही झाला तरी ज्याच्या हातीं आपण आहोंत तो आपणांस टाकणार नाहीं, असा तो आहे. स्वतःस वांचविण्याचें ओझें ज्याच्या खांद्यावरून उतरलें, त्याचे हात दुसऱ्याच्या उपयोगीं पडावयास मोकळे होतात.

आधुनिक काळांत याचें उदाहरण डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाचें आहे. १९३३ मध्यें हिटलर सत्तेवर आला तेव्हां पुष्कळ जर्मन ख्रिस्ती लोकांस हायसें वाटलें. राष्ट्र पुन्हां उभें राहत आहे अशी त्यांची समजूत झाली. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्या पक्षानें तर चर्चच नव्या राजवटीच्या दावणीस बांधण्याचा उद्योग आरंभिला. यहुदी शेजाऱ्याच्या दाराशीं काय चाललें आहे, हें पाहण्याची त्या समाधानास गरज भासली नाहीं. १९३४ च्या ऑगस्टमध्यें डेन्मार्कमधील फानो बेटावरील परिषदेंत बोनहोफरनें शांति आणि सुरक्षितता यांत स्पष्ट भेद केला. सुरक्षिततेच्या हट्टाच्या मुळाशीं अविश्वास असतो, असें त्यानें दाखविलें. त्याच वर्षीं गांधीजींनीं त्यास आपल्या आश्रमांत येण्याचें निमंत्रण दिलें होतें. परंतु मायदेशीं धर्मशिक्षणाचें काम अंगावर पडल्यामुळें तें येणें घडलें नाहीं.

१९३९ च्या जूनमध्यें तो न्यूयॉर्कला पोहोंचला. तेथें स्नेही होते, काम मिळण्यासारखें होतें, जिवास धोका नव्हता. पण त्यास चैन पडेना. युद्धकाळीं देशबांधवांचे हाल वांटून घेतले नाहींत, तर युद्धानंतरच्या उभारणींत भाग घेण्याचा आपणांस अधिकार राहणार नाहीं, असें कारण देऊन तो महिन्याभरांत परत फिरला. पुढें हिटलरविरुद्धच्या कटांत तो सामील झाला. तें कृत्य योग्य कीं अयोग्य हा वाद निराळा. ५ एप्रिल १९४३ रोजीं त्यास अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग येथील छावणींत फांशी देण्यांत आलें. तुरुंगांत लिहिलेल्या ‘मी कोण?’ या कवितेंत, लोकांस दिसणारा आपला धीर खरा कीं आपल्यास ठाऊक असलेली तळमळ खरी, असा प्रश्न तो स्वतःस विचारतो. त्याचा उलगडा त्यास होत नाहीं. तो प्रश्न घेऊनच तो ईश्वराच्या स्वाधीन होतो.

या दोघांच्या चरित्रांवरून एक कसोटी हातीं लागते. जी शांति मनुष्यास शेजाऱ्यापासून दूर नेते ती गुंगी होय. जी त्यास शेजाऱ्यापाशीं टिकवून धरते तीच खरी. धर्म म्हणजे अफू, हा मार्क्सचा आक्षेप पहिल्या प्रकारास पुरेपूर लागू पडतो, आणि ख्रिस्ती लोकांनींही तो तेवढ्यापुरता मान्य केला पाहिजे.

मग ज्याची ही श्रद्धा नाहीं त्यानें काय करावें? येथें गुळमुळीत उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. रोमन सुभेदार पिलात याच्या हुकुमानें ज्यास क्रुसावर दिलें, तो मरणाकडून जिंकला गेला नाहीं, या विश्वासांत ख्रिस्ती शांतीचें मूळ आहे. राजसत्तेनें आपलें अखेरचें हत्यार उपसलें आणि तें अपुरें पडलें, असें ज्यास मनापासून वाटतें, त्याचें राजसत्तेविषयींचें भय आपोआप ओसरतें. हें मूळ नसतां फळ तेवढें उसनें आणतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. झोंपेचें औषध म्हणून श्रद्धा धरूं पाहणारास बहुधा श्रद्धाही मिळत नाहीं आणि झोंपही मिळत नाहीं. कसोटी मात्र सर्वांस खुली आहे. दुःखितांस जवळ करणें ही साधूची खूण, असें आमच्या संतांनींही सांगितलेंच आहे. तेव्हां रात्रीं मोबाईल दूर ठेवून जो प्रार्थनेस किंवा चिंतनास बसतो, त्यानें सकाळीं आपण कोणाच्या दाराशीं जाणार आहोंत, हेंही मनास विचारावें. त्याचें उत्तर तयार असेल, तर रात्रीच्या त्या शांतीविषयीं शंका बाळगण्याचें कारण नाहीं.